भाजावे घरी, वाटावे दारोदारी

कढईतल्या भाजीला फोडणी बसली तर तिचा वास फार तर शेजारच्या घरापर्यंत जातो. पण घरात केक किंवा नानकटाई भाजायला ठेवली, की जिन्यातून वरखाली जाणाऱ्या प्रत्येकाला त्याची वर्दी मिळते. लोणी, साखर आणि वेलदोडा यांचा तो एकत्र दरवळ कुणालाच लपवता येत नाही. त्यामुळेच घरी भाजलेला पदार्थ सहसा एकट्या घराचा राहत नाही. मुले ओव्हनच्या काचेला नाक लावून बसतात, सासूबाई ‘झाला का?’ म्हणून दोनदा विचारून जातात आणि शेजारीण निमित्त काढून डोकावते. पदार्थ बाहेर येण्याआधीच त्याचे वाटेकरी ठरलेले असतात.

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही अशा दरवळांची वस्ती आहे. कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी अम्मांच्या देवळावरून तिला हे नाव मिळाले. १९१५ साली उभारलेल्या या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात अर्ध्या लिंबाची साल उलटी करून तिच्यात तुपाचे दिवे लावायला स्त्रियांची गर्दी होते. भोवतालची वस्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. अंगणात नारळाचे झाड असलेल्या बैठ्या घरांच्या जागी अनेक ठिकाणी मजल्यांच्या इमारती आल्या. २०१७ मध्ये मेट्रो आली. नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे येत राहिली. त्यात पुणे, सोलापूर, सांगली, नागपूरकडची मराठी कुटुंबेही आहेत.

अन्नपूर्णेचे दुसरे नाव

बनशंकरी हे नाव मराठी माणसाला परके नाही. बदामीजवळची बनशंकरी ही महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची कुलदेवता. तिलाच शाकंभरी म्हणतात. वर्षानुवर्षे पाऊस पडला नाही, तेव्हा देवीने आपल्या देहातून भाजीपाला उगवून सगळ्या जगाला जगवले, अशी तिची कथा देवीमाहात्म्यात आहे. म्हणूनच पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तिला नानाविध भाज्यांचा नैवेद्य दाखवतात. बदामीच्या देवळाबाहेर आसपासच्या गावांतल्या बायका डोक्यावरच्या टोपलीत घरच्या ज्वारीच्या भाकरी, झुणका, वांग्याची भाजी आणि दही घेऊन येतात आणि दर्शनाला आलेल्यांना झाडाखाली बसवून जेवू घालतात. पैसे घेऊनच वाढतात, पण ‘अजून थोडे घ्या’ हा आग्रह घरच्यासारखाच असतो.

ज्या देवीचे काम भुकेल्याला खाऊ घालणे, तिच्या नावाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी हाताने केलेला घास शेजाऱ्याला द्यावा, यापेक्षा सयुक्तिक काय असेल?

परक्या गावात पहिली ओळख

माहेर-सासर दोन्ही दूर, भाषा वेगळी, नवरा सकाळी गेला की रात्री येणार. अशा नव्या संसारात पहिले काही महिने मोठे कठीण जातात. नोकरी करणाऱ्या स्त्रीचीही तीच कथा. कार्यालयात इंग्रजीवर निभावते, पण इमारतीत समोरच्या दारावरचे नाव वाचण्यापलीकडे ओळख जात नाही. मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांचे हाल तर विचारूच नका. गावी ज्यांना ओट्यावर बसून चार माणसांशी बोलायची सवय, त्यांना इथे दिवसभर बोलायला कुणी नसते.

अशा वेळी एक ताटली जे काम करते, ते दहा नमस्कारांनी होत नाही. ‘मनेयल्ले माडिद्दु, तगोळ्ळी’ म्हणजे ‘घरीच केलंय, घ्या’ एवढे दोन शब्द कानडीत म्हणता आले तरी पुरे. समोरची बाई हसते, ताटली घेते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच ताटली परत घेऊन येते. रिकामी मात्र नव्हे. भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा आपल्याकडचा रिवाज तिकडेही आहे. तुमच्या केकच्या ताटलीतून कधी चकली येते, कधी कोसंबरी, कधी बिसीबेळे भात. त्यातून एकमेकींच्या स्वयंपाकघराची ओळख होते आणि मग अडीअडचणीला हाक मारायला संकोच वाटत नाही.

कर्नाटकात संक्रांतीला तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळे यांचे मिश्रण करतात. त्याला ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणतात. साखरेच्या साच्यातल्या चित्रांसह ते ताटात मांडून मुली-बायका घरोघर वाटतात आणि म्हणतात, एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगले बोला. आपल्या ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’चेच हे भावंड. मराठी आणि कानडी घरांमध्ये वाटण्याची रीत इतकी सारखी असताना, ताटात तिळगुळाऐवजी केक असला म्हणून काय बिघडले?

बिस्किटाने बाटण्याचे दिवस

आज केकचा तुकडा सहज हातावर ठेवला जातो, पण भट्टीतल्या पदार्थाला आपल्या घरात इतक्या सहजी प्रवेश मिळालेला नाही. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पाव म्हणजे परधर्मीयांचे अन्न, अशी समजूत होती.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखे मान्यवर त्यात होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेला हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यांच्या वतीने चौकशी झाली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांनी त्यांना बोल लावले. एका चहा-बिस्किटाने घराघरांत फूट पाडली होती.

यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८९८ मध्ये, बंगळूरच्या चिक्कपेठेत हासनकडच्या तिरुमलाचार यांनी दुकान काढले. ते अय्यंगार, म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर समाजातले. मिठाईच्या दुकानात येणाऱ्या एका इंग्रज गिऱ्हाइकाने त्यांना पाव भाजायला शिकवले, असे सांगतात. त्यांच्या मागोमाग हासन भागातील त्यांचे नातलग आणि गाववाले या धंद्यात आले आणि ‘अय्यंगार बेकरी’ हे बंगळूरच्या गल्लोगल्लीचे नाव झाले. अंड्याशिवाय केक, तिखटमिठाचा ‘खारा बन’, खोबरे-टुटीफ्रुटी भरलेले दिलपसंद, मधात भिजवलेला केक आणि ‘काँग्रेस कडलेकाई’ नावाचे मसालेदार शेंगदाणे ही तिथली खासियत. बनशंकरीहून फार लांब नसलेल्या विश्वेश्वरपुरम भागातील व्ही.बी. बेकरी १९५३ पासूनची. जे अन्न बाटवते म्हणून दूर ठेवले जात होते, ते एका कर्मठ समाजानेच शहराच्या ओठी लावले!

आपल्याकडच्या नानकटाईची वाटचालही अशीच. सुरतेतल्या डच लोकांच्या भट्टीत तिचा जन्म झाला आणि पुढे पारशी बेकरीवाल्यांनी ती लोकप्रिय केली, असे सांगतात. महाराष्ट्रात मात्र ती दिवाळीची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची झाली. घरून तूप, पिठीसाखर, मैदा आणि रवा घेऊन बेकरीत जायचे, आपला नंबर येईपर्यंत ओळीत थांबायचे आणि गरम नानकटाईने भरलेला पत्र्याचा डबा डोक्यावर किंवा सायकलच्या कॅरियरवर घेऊन यायचे, हा कित्येक घरांचा वार्षिक सोहळा होता. घरात ओव्हन नव्हता, पण पदार्थ घरचाच होता. कारण तूप कुठले आणि किती, हे आईने ठरवलेले असे.

ओव्हन नसला तरी चालेल

गोल अ‍ॅल्युमिनियमचा, वर काचेचा डोळा असलेला विजेचा ओव्हन आला आणि भट्टी घरात आली. त्यानंतर चौकोनी ओटीजी आणि मायक्रोवेव्ह आले. २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरी केक आणि पाव भाजण्याची लाटच आली. तरीही ओव्हन नाही म्हणून कुणी अडून बसू नये. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात बोटभर जाडीचा मिठाचा थर द्यावा, त्यावर एक स्टँड ठेवावे, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटे तापवावे आणि त्यात केकचे भांडे ठेवावे. केक छान भाजला जातो. ते मीठ गार झाल्यावर भरून ठेवले, तर पुढच्या वेळी पुन्हा याच कामाला येते.

नवशिक्या गृहिणीने सुरुवात बिनअंड्याच्या दह्याच्या केकने करावी. दीड वाटी मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा दोनदा चाळून घ्यावा. एक वाटी ताजे दही आणि पाऊण वाटी साखर एकजीव करून त्यात अर्धी वाटी तेल आणि थोडा व्हॅनिला अर्क किंवा वेलचीपूड घालावी. शेवटी मैदा हलक्या हाताने मिसळावा. तूप-पीठ लावलेल्या भांड्यात ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे भाजावा. मध्यभागी सुरीचे टोक खुपसून पाहावे. ते कोरडे निघाले की केक झाला.

यातले शास्त्र समजून घेतले, तर चुका टळतात. दह्यातील आंबटपणा आणि सोडा एकत्र आले, की कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे तयार होतात आणि तेच केक फुगवतात. म्हणून मिश्रण झाल्यावर ते तसेच ठेवून फोनवर गप्पा मारू नयेत. बुडबुडे विरले, की केक बसलाच. मैदा फार घोटला तर त्यातील चिकटपणा वाढतो आणि केक चिवट होतो. ओव्हन आधी तापवलेला नसेल, तर मिश्रण फुगण्याआधीच वायू निघून जातो. आणि पहिल्या २० मिनिटांत ओव्हनचे दार उघडायचे नाही, मुलांनी कितीही हट्ट केला तरी!

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा वर्षभर आल्हाददायक असते, पण डिसेंबर-जानेवारीत हीच हवा पावाच्या पिठाला मानवत नाही. यीस्ट घातलेली कणीक मुंबईत तासाभरात दुप्पट होते, ती तिथे जास्त वेळ घेते. अशा वेळी घाई न करता भांडे झाकून बंद ओव्हनमध्ये किंवा डब्यांच्या कपाटात उबेला ठेवावे. कर्नाटकाची लाडकी नाचणी बिस्किटांना खमंग चव देते. मात्र नाचणीत गव्हातला चिकटपणा नसल्यामुळे नुसत्या नाचणीची बिस्किटे भुसभुशीत होऊन मोडतात. निम्मी कणीक मिसळली, तर ती नीट बांधली जातात.

नानकटाईसाठी अर्धी वाटी घट्ट तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेसावी. त्यात एक वाटी मैदा, दोन चमचे रवा, चिमूटभर सोडा आणि वेलचीपूड घालून गोळे करावेत. १६० ते १७० अंशांवर २० मिनिटांच्या आसपास भाजावे. बाहेर काढताना त्या मऊ लागतात, म्हणून कच्च्या राहिल्या असे समजून पुन्हा आत ढकलू नयेत. गार झाल्यावर त्या आपोआप खुसखुशीत होतात.

देताना विचारून द्यावे

प्रेमाने दिलेला पदार्थ समोरच्याला खाता आला नाही, तर दोघांचाही हिरमोड होतो. बनशंकरीसारख्या वस्तीत एकाच मजल्यावर अंडे न खाणारे, कांदा-लसूण वर्ज्य असणारे, मांसाहारी, उपवास करणारे असे सगळेच राहतात. ‘मोट्टे इदेया?’ म्हणजे ‘अंडे आहे का?’ हा प्रश्न तिथे केकबद्दल सर्रास विचारला जातो. त्यात अपमान मानू नये. उलट त्यांनी विचारण्याआधी आपणच सांगावे. डब्यावर एक चिठ्ठी चिकटवावी. अंडे आहे की नाही, शेंगदाणे-काजू-बदाम आहेत का, कधी केला आणि कधीपर्यंत खावा, एवढे लिहिले तरी पुरते. दाण्याची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्या मुलाला एक घासही धोक्याचा ठरू शकतो. मध घातलेला पदार्थ वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये. जिलेटिन प्राण्यांपासून बनते, म्हणून शाकाहारी घरी द्यायच्या पुडिंगमध्ये ते नको. मधुमेह असलेल्या आजोबांना केकचा मोठा तुकडा देण्यापेक्षा साखर न घातलेला खारा पदार्थ द्यावा. त्यात आपुलकी अधिक दिसते.

खोटेपणा मात्र कधीही करू नये. ‘एका अंड्याने काय होते, त्यांना कुठे कळणार आहे?’ असे म्हणून दिलेला केक अन्नाबरोबर विश्वासही नासवतो. ज्याच्या त्याच्या पथ्याचा मान राखला, तरच आपल्या घरचे अन्न त्याला आपले वाटेल.

उरलेले नव्हे, पहिले

आता जरा अडचणीचा प्रश्न. ताटली नेमकी कुणाच्या दारी जाते? समोरच्या घरी जाते, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाते. पण ज्या बाईने त्याच केकची भांडी घासली, तिला काय मिळते? पुष्कळदा तिसऱ्या दिवशी, क्रीम आंबट होऊ लागल्यावर, ‘घेऊन जा गं, मुलांना दे’ म्हणून उरलेला तुकडा तिच्या हाती पडतो. रखवालदाराला दिलेला चहा वेगळ्या कपातून जातो आणि तो कप वेगळ्या कोपऱ्यात ठेवला जातो. १८९० च्या पुण्याला आपण हसतो, पण कुणाचे खावे, कुणाच्या हातचे घेऊ नये आणि कुणाला कशात वाढावे, ही मोजमापे आपल्या स्वयंपाकघरातून अजून पुरती गेलेली नाहीत.

उरलेले देणे हे वाटणे नव्हे, ते आवरणे आहे. वाटायचे ते ताजे असताना, आपल्या मुलाच्या ताटलीत पडते त्याच वेळी आणि तसेच. कामवाल्या ताईंना बसायला पाट-खुर्ची देऊन घरातल्याच बशीत केक द्यावा. त्यांनी संक्रांतीला किंवा ईदला आपल्या घरून डबा आणला, तर तो त्यांच्यासमोर उघडून चाखावा. नुसते देणारा हात हा उपकाराचा असतो. घेणाराही झाला, तरच तो शेजाऱ्याचा होतो. मुले हे सगळे पाहत असतात. भेदाभेद करू नये, हे त्यांना पुस्तकातून जितके कळत नाही, तितके आईने कुणाला कोणत्या बशीत दिले, यावरून कळते.

या बाबतीत ख्रिस्ती घरांतील नाताळची रीत शिकण्यासारखी आहे. गोव्यापासून मंगळूरपर्यंत नाताळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, केक असे पदार्थ ताटात मांडून, विणलेल्या रुमालाने झाकून शेजारीपाजारी पाठवतात. मंगळूरकडे त्याला ‘कुस्वार’ म्हणतात. बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांनी ही रीत तिथेही नेली. त्या ताटातली नेवरी म्हणजे आपली करंजीच. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातो आणि नाताळचे ताट आपल्याकडे येते. सण वेगवेगळे असले, तरी सारण तेच.

छंदाचा धंदा करताना

चार घरी केक आवडला, की कुणीतरी म्हणतेच, ‘तुम्ही ऑर्डर का घेत नाही?’ घरबसल्या चार पैसे मिळवण्याचा हा चांगला मार्ग आहे. टाळेबंदीच्या काळात नोकरी गेलेल्या अनेक घरांना अशा ऑर्डरींनी हात दिला. पण विकायला लागल्यावर हौसेचे नियम पुरत नाहीत. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ नुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. साहित्य, वीज, डबा आणि स्वतःचा वेळ यांचा हिशेब मांडून किंमत ठरवावी. ओळखीच्यांना फुकट देता देता दमून जाणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत.

मात्र धंदा सुरू झाला, म्हणून वाटणे थांबवू नये. महिन्यातून एखादा केक असा असावा, की ज्याची ऑर्डर कुणी दिलेली नाही आणि ज्याचे पैसे कुणी विचारणार नाही. तो नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाकडे जावा, परीक्षेला बसलेल्या मुलीकडे जावा, आजारातून उठलेल्या आजींकडे जावा.

आज बंगळूरमध्ये एक बटण दाबले की पाऊण तासात हवा तो केक दारात येतो, त्यावर नावही सुबक काढलेले असते. तो आणणारा मुलगा दाराशी पिशवी ठेवतो आणि जातो. सोय मोठी आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण त्या केकमुळे समोरचे दार उघडत नाही. घरच्या केकला एखादी बाजू जास्त भाजलेली असते, मध्ये थोडी चीर गेलेली असते. तरीही ‘जरा जास्तच भाजला बघा’ असे म्हणत तो शेजारी घेऊन जावा. गप्पांना सुरुवात करायला ती जळकी कडा फार उपयोगी पडते.